अकरा घासांची गोधडी

अक्का, तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. अठरा दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे आणि तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत. हे तुमच्या स्वभावात बसत नाही.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. मी आडवळणानं बोलायला लागले की तुम्ही म्हणायचात, "गंगे, गाठ मारायलीस का सोडायलीस ते आधी ठरीव." तर ठरवलंय. शाळेच्या गोधडीला उंदरांनी भोक पाडलं, त्यात तुमचा काडीचाही दोष नव्हता. दोष माझा होता. शाळांच्या तालीम खात्याच्या साहेबांपुढं तुम्ही मान खाली घालून उभ्या राहिलात आणि मी दाराला पाठ लावून गप्प उभी होते. याला चार वर्षं झाली. हे एवढं बोलणं तुमच्या हयातीत माझ्याच्यानं झालं नाही.

तुम्ही कुठल्या, कुणाच्या लेक, कुणाच्या सून, सेलूच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला कशा आलात, ते बाकीचे लिहितील. मला तुमचा पहिला तास आठवतो. मी पोखर्णीची, धनगराघरची. मामा सेलूच्या जिनिंगात कामाला होता, मामीला लेकरू नव्हतं, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं आणि मामीच्या हौसेखातर शाळेत घातलं. सुई मी तोवर हातात धरली नव्हती. आमच्याकडं लोकरीच्या पोत्यांची तोंडं दाभणानं शिवतात. तोच हात मी तुमच्या सुईला लावला आणि एका तासात दोन सुया मोडल्या. पोरी हसायला लागल्या. तुम्ही तिसरी सुई माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "सुई हाय गं ती, मेंढरू न्हाई. लय दाबून धरू नकोस, पळून जात न्हाई ती." त्या दिवशी मी साधा धावदोरा घातला, वीतभर, बैलाच्या मुतासारखा वाकडातिकडा. घरी जाऊन मामीला दाखवला. मामीनं तो कुंकवाच्या करंड्याखाली ठेवून दिला होता.

तुमची ती एक खोड. पोरगी काम घेऊन आली की सुलटी बाजू तुम्ही बघायचाच नाहीत. कापड पालथं करायचं, बोट फिरवायचं, आणि एकच शब्द, "उसव." किती पोरी रडल्या असतील त्या शब्दावर! शिवायला तास आणि उसवायला दोन तास. पुढं मी शिकून मोकळी झाले, तुम्ही हेडमास्तरांच्या मागं लागून मला हाताखाली घेतलंत, पोरी मला धाकल्या बाई म्हणायला लागल्या, आणि तेव्हापासून आपलं यावरून जे भांडण जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, एवढ्याएवढ्या पोरी, एखादा टाका मागं लांब पडला तर पडू द्यावा. उलट्या बाजूला कोण बघतंय? तुम्ही म्हणायचात, "पोरगी बघतीय की. तिला ठावं हाय ना." मी म्हणायचे, पोरी शिवणाला भिऊन शाळा सोडतील. तुम्ही म्हणायचात, "सोडली का तू?" यावर मला उत्तर सुचायचं नाही, आणि मला उत्तर सुचत नाही याचा तुम्हाला फार आनंद व्हायचा. खरं सांगू? तुमची पाठ वळली की मी पोरींचे वाकडे टाके गुपचूप नीट करून द्यायचे. वाटायचं, मी मायाळू आणि तुम्ही कडक.

मग लढाईचे दिवस आले. कापडाला कंट्रोल लागलं. नेसायच्या लुगड्याला लोक महाग झाले, तिथं शाळेच्या शिवणाला चिंधी कोण देणार? तेवढ्यात हेडमास्तर बातमी घेऊन आले की दसऱ्यानंतर मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला, साहेब येणार, काम पसंत पडलं तर शिवणाच्या वर्गासाठी कापडाचं एक अख्खं थान मंजूर करणार. थान म्हणताना हेडमास्तरांचा आवाजसुद्धा खाली आला होता. तुम्ही रात्रभर विचार केला असणार, कारण सकाळी आलात ते ठरवूनच. नवं कापड नाही ना, मग जुन्याची गोधडी करू. अकरा पोरी, अकरा घरांतून अकरा तुकडे.

आमच्याकडं तिला वाकळ म्हणतात, तुम्ही गोधडी म्हणायचात. कुणी आईच्या विटक्या लुगड्याचा पदर आणला, कुणी आज्याच्या पटक्याचं टोक. एकीनं बापाच्या सदऱ्याची बाही आणली आणि बाप दुसऱ्या दिवशी ती परत मागायला आला होता, आठवतं? शेवंता सगळ्यांत लहान, नऊ वर्षांची. तिच्या घरी तेवढंही नव्हतं. तिनं साखरेच्या पोत्याचा तुकडा धुऊन, दगडावर आपटून आपटून मऊ करून आणला आणि पाठीमागं लपवून उभी राहिली. तुम्ही तो हातात घेतलात, उन्हाकडं धरलात आणि गोधडीच्या बरोबर मधोमध लावलात. बाकीच्या पोरी कुरकुरल्या. तुम्ही लक्ष दिलं नाहीत. अक्का, मी तुमच्यावर कितीही रागावले असले तरी त्या क्षणी तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, ते राहिलंच.

दीड महिना पोरी त्या गोधडीभोवती बसल्या. पोळा जवळ आला तेव्हा शेवटची कड तेवढी शिवायची उरली होती. तेव्हा मी घासाचा विषय काढला. आमच्या घरी वाकळीचं तोंड बंद करायच्या आधी तिच्या पोटात एक घास ठेवतात. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं माझी आई म्हणते. तुम्हाला हे नवीन होतं. तुम्ही म्हणालात, "ही साहेबाला दाखवायची गोधडी. हिला कसलं आलंय पोट?"

"पोट समद्यांनाच असतंय, अक्का."

तुम्ही हसलात. तुमचं हसू असं कधीमधीच यायचं. म्हणालात, "बरं. चार दाणे तांदूळ टाक, कोरडे. पोळी न्हाई, भाकर न्हाई. पलीकडं सरकीचं गोदाम हाय, उंदरं कळपानं हिंडायलेत." एवढं स्पष्ट सांगितलं होतंत. माझ्या तोंडावर, बोट दाखवून. मग तुम्ही पोळ्याला भावाकडं मानवतला गेलात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरी शाळेत आल्या त्या मुठी मिटूनच. एकीनं मूठ उघडली, आत पुरणपोळीचा तुकडा. तिच्या आईनं सांगितलं होतं, गोधडीला सणाचा घास दे म्हणून. दुसरीच्या मुठीतही पोळी. तिसरीच्याही. शेवंताच्या मुठीत भाकरीचा तुकडा होता, त्याला गूळ चोळलेला, आणि तो गूळ तिच्या बोटांवर वितळला होता. मी म्हटलं, अक्कांनी तांदूळ सांगितलेत. अकराच्या अकरा तोंडं उतरली. एक म्हणाली, "तांदूळ तर कोणाचेबी असतेत, धाकल्या बाई. हा घास माझा हाय." मला तुमचं बोट दिसत होतं, सरकीचं गोदाम दिसत होतं, आणि तरी मी म्हटलं, "बरं, घाला." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एका शहाणीनं विचारलं, "अक्का रागं भरतेत की?" आणि मी सांगून बसले, "अक्कांना विचारलंय मी. त्यांनीच घाला म्हटलंय."

सुपारीएवढे अकरा घास, अकरा ठिकाणी. एकीचा दुसरीला लागायला नको म्हणून प्रत्येकीच्या तुकड्याखाली तिचा तिचा घास. मी स्वतः कड बंद केली. उसवणारं कुणी नव्हतं, त्यामुळं हात छान चालला.

तुम्ही परत आलात. गोधडी पालथी केलीत, बोट फिरवलंत. मधोमध बोट थांबलं. "इथं काय गं टोचायलंय?"

मी म्हटलं, "पोत्याची शिवण हाय, अक्का."

तुम्ही मान हलवलीत आणि घडी घातलीत. एरवी दोऱ्याच्या गाठीवर विश्वास न ठेवणारी बाई, माझ्यावर ठेवलात. मला सगळ्यांत जास्त हेच सलतं. भोक पडलं ते नंतर.

गोधडी लाकडी पेटीत गेली. दसरा झाला. साहेब आले, शेरवानी, रुमी टोपी, मागं छत्री घेतलेला शिपाई. पोरी ओळीनं उभ्या, वेण्यांना तेल चोपडलेलं. पोरींनी सलाम केला. तुम्ही पेटी उघडलीत. दोघी मोठ्या पोरींनी गोधडी दोन्हीकडून धरली आणि उंच केली, आणि गोधडीतून पलीकडच्या पोरींचे चेहरे दिसायला लागले. मोठमोठी भोकं, ताटलीएवढी. मधला पोत्याचा तुकडा तर लोंबत होता. त्यातून एक उंदराचं पिल्लू टपकन साहेबांच्या बुटावर पडलं. शिपायानं छत्री उगारली, ती हेडमास्तरांच्या टोपीला लागली, पोरी किंचाळल्या, मग हसायला लागल्या आणि त्यांचं हसू थांबेचना. साहेब म्हणाले, "ये क्या तमाशा है, उस्तानीजी?"

तुम्ही भोकात हात घातलात. उरलासुरला पोळीचा पापुद्रा बाहेर काढलात. बराच वेळ त्याच्याकडं बघितलंत. माझ्याकडं बघितलं नाहीत. साहेबांना म्हणालात, "गलती हमारी है साब. हम देखे नहीं."

साहेब माणूस वाईट नव्हता, हसू दाबत होता. पण शेऱ्याच्या वहीत त्यानं शिवणाची उस्तानी लापरवाह आहे असं लिहिलं आणि थान गेलं. मी दारापाशी होते. दोन पावलं पुढं यायचं होतं. मी भ्याले, अक्का, दुसरं काही नाही. मामाच्या घरात मला मान होता तो धाकल्या बाई म्हणून. बाईपण गेलं तर मी पुन्हा पोखर्णीला मेंढरांमागं. दोन पावलांत एवढा हिशेब केला मी.

त्या संध्याकाळी पोरी गेल्यावर तुम्ही सुयांची डबी आवरत होता. मान वर न करता विचारलंत, "गंगे, काही बोलायचंय?"

"न्हाई, अक्का."

"बरं."

तुम्ही मला चांगली शिव्याशाप देऊन, कान धरून हाकलली असतीत तर मी सुटले असते. त्या 'बरं'नं मी अडकले ती अडकलेच.

आणि मग तुम्ही काय केलंत? चार दिवसांनी पळसाच्या पानांचा भारा घेऊन वर्गात आलात. कापड नाही तर नाही, पानावर टाके घाला. आधी गावानं टर उडवली. "शाळंत पत्रावळ्या करायला शिकवायलेत" म्हणून पोरींचे बाप पारावर हसायचे. एक जण तुम्हाला तोंडावर बोलला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग जेवायला या की, वाढते." जिनिंगातला कापूस मागून आणून पोरींकडून टकळीवर सूत काढून घेतलंत, आणि त्या जाड्याभरड्या सुतानं पोरी पानावर धावदोरा, टीप, साखळी टाका घालायला लागल्या. जरा हात जड झाला की पान टरकन फाटायचं. महिन्याभरात त्यांचे हात असे हलके झाले की कापडावर वर्षभर घासूनही झाले नसते. तुमची फजिती व्हायला हवी होती, ती तुम्ही होऊ दिली नाहीत. मी कोपऱ्यात बसून पानांचे देठ खुडायचे आणि मनात म्हणायचे, हे कापडाचं थान माझ्यामुळं गेलंय.

एकदा मी तुम्हाला डिवचलं. एका पोरीचा टाका चुकला होता, मी म्हटलं, "आता उसवा की!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "पानाला भोक पडलं की पडलं, गंगे. ते उसवून जात न्हाई." ते पानाबद्दल होतं की माझ्याबद्दल, मला कळलं नाही. रात्री दोन-दोनदा उठून मी त्यावर विचार केला. विचारायची छाती झाली नाही. एवढंच तुम्हाला आत्ता विचारता आलं असतं तर केवढं सोपं झालं असतं असं वाटतं, पण तेही खरं नाही. तुम्ही समोर असतात तरी मी देठच खुडत बसले असते.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, मी पिंगळीला आले. मालक रेल्वेत. दारातून गाडी दिसते, तीच गाडी सेलूला जाते. सकाळी बसलं तर दुपारच्या जेवणाला तुमच्या ओट्यावर. तीन वर्षांत मी एकदाही बसले नाही. तुम्ही दोनदा निरोप धाडलात, बाजाराला येणाऱ्या बायकांबरोबर. "गंगीला म्हणावं येऊन जा. काम काय न्हाई, नुसती ये." पहिल्यांदा मी कळवलं, सुगी झाली की येते. दुसऱ्यांदा कळवलं, लेकराला खोकला आहे. लेकराला खोकला होता, खोटं नव्हतं ते. पण खोकला आठ दिवसांत गेला होता.

तुमची आठवण मला भलत्याच वेळी येते. गल्लीतल्या पाचसहा पोरी माझ्याकडं शिवण शिकायला येतात. त्यांचं काम हातात आलं की माझं बोट आपोआप पालथ्या बाजूला जातं. मी 'उसव' म्हणत नाही, पण बोट जातं. परवा एक पोरगी दातानं दोरा तोडायला लागली तर मी ओरडले, "दातानं न्हाई! दात भाकरीला दिलेत!" आणि मग आवाज ऐकून माझी मीच चपापले, कारण तो आवाज तुमचा होता. ती पोरगी घाबरून बघायला लागली. मी तिला कसं सांगू की मला तो आवाज आणखी एकदा, आणखी शंभरदा ऐकायचा आहे, शिव्या देत असला तरी, 'उसव' म्हणत असला तरी. तुम्हाला ताप आहे हे मला कळलं तेव्हा तुम्ही गेल्याला दोन दिवस झाले होते. निरोप ज्या गाडीनं आला त्याच गाडीच्या परतीला बसून मी सेलूला आले. तीन वर्षं न जमलेलं ते एका गाडीत जमलं, फक्त तुम्ही नव्हता.

आणि आता शुक्रवारचं सांगते. आमच्या शाळांना शुक्रवारची सुट्टी असते म्हणून शाळेत तुमच्यासाठी सभा ठेवली होती. वर्गात माणूस मावत नव्हतं. जे पारावर बसून पत्रावळ्यांवरून हसायचे ते बापसुद्धा टोप्या हातात घेऊन आले होते. हेडमास्तर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले, तुम्हाला आवडलं असतं, जरा लांबलं म्हणून कुरकुरलाही असतात. शेवटी लोकांचे चेहरे हलके करावेत म्हणून त्यांनी ती गोष्ट काढली. "अक्का आयुष्यात एकदाच चुकल्या. अन् चुकल्या त्या अशा, की सायबाच्या बुटावर उंदीर!" सगळी सभा हसली. प्रेमानंच हसली. पण मला दिसलं, हे आता असंच राहणार. तुम्ही पानांवर पोरींचे हात घडवलेत ते दहा वर्षांत विसरतील, आणि उंदराची गोष्ट मात्र नातवंडांना सांगतील, तुमच्या नावानं.

मी उठले. एकदा तोंड उघडल्यावर थांबले नाही. सगळं सांगितलं. तुम्ही कोरडे तांदूळ म्हणाला होतात ते, बोट दाखवून सरकीचं गोदाम सांगितलं होतंत ते, मी पोळीचे घास घालू दिले ते, पोत्याची शिवण म्हणून तुम्हाला फसवलं ते. म्हटलं, चूक अक्कांची नव्हती, माझी होती, आणि मी दाराआड गप्प राहिले.

मला वाटलं, आता कुणीतरी उठून थुंकेल माझ्यावर, आणि बरं होईल. हेडमास्तरांनी उपरण्यानं डोळे टिपले. म्हणाले, "बघा. गुरूच्या नावावरचा एवढासा डाग पुसायला लेक कशी सगळं अंगावर घ्यायली!" बायका मान डोलवायला लागल्या. मी म्हटलं, अहो, खरं सांगते आहे मी. तर मागून शेवंता उठली. आता तेरा वर्षांची आहे, तुमच्यासारखीच ताठ बसते. रडत होती. म्हणाली, "न्हाई, धाकल्या बाई. तुमी कशाला घेताव अंगावर? अक्कांनीच घास घाला म्हणलं होतं. मला चांगलं आठवतंय."

तिला खरंच चांगलं आठवतंय. मीच तर सांगितलं होतं तिला.

त्यानंतर मी पुष्कळ बोलले. जितकं बोलले तितकी मी त्यांच्या लेखी थोर होत गेले. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. हेडमास्तर म्हणाले, शिवणाचा वर्ग आता तूच चालवायला ये. बाहेर पडताना बापे लोक मला वाट करून देत होते.

अक्का, मी त्या सगळ्यांच्या मधून चालत होते आणि डोळे तुमची खुर्ची शोधत होते. तुम्ही असतात तर मान वर न करता दोनच शब्द बोलला असतात, "खरं बोलायलीय ती," आणि अख्ख्या सेलूनं मानलं असतं. एवढं एक म्हणायला तुम्ही हव्या होतात.